टायर बदलूनही तक्रार तीच: डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या बाईकसाठी

नवे टायर बसवले की बाईक काही दिवस सुरेख चालते. मग हळूहळू पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो, वेग कमी करताना हँडल थरथरतं, वळणावर गाडी आधी झुकायला तयार नसते आणि मग एकदम कलते. काही जणांची तक्रार उलटी असते. डांबरावर सगळं छान, पण पहिल्याच ओल्या मातीच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत राहतं. वैतागून दुसऱ्या कंपनीचे टायर घेतले जातात आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच रड पुन्हा सुरू होते.

ती सुरू होते, कारण टायरचं नाव बदललं तरी निवडण्याची रीत तीच राहिलेली असते. टायर पाहून आवडला, फोटोत दणकट दिसला, कुणीतरी चांगला म्हणाला, म्हणून घेतला. खरं तर आपल्याला कसला टायर हवा आहे, हे उतरवलेल्या जुन्या टायरवर स्पष्ट दिसत असतं. तो टाकून देण्याआधी उजेडात नीट बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

जुना टायर कसा बघायचा

मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झालाय आणि कडांची नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे, असं दिसलं तर तुमचं बहुतेक चालणं सरळ डांबरी रस्त्यावर आणि बऱ्यापैकी वेगात होतं. मनातली बाईक कुठेही फिरत असली तरी. सपाट झालेला टायर झुकताना त्या पट्ट्याच्या काठावर चढतो आणि तिथून पलीकडे घसरल्यासारखी गाडी पडते. पुष्कळ जण याचा दोष सस्पेन्शनला देतात. अशा वापराला मध्यभागी सलग किंवा जवळजवळ सलग रबर असलेला मागचा टायर लागतो. उंच, सुटे ठोकळे असलेला नॉबी टायर इथे लवकर संपणारच, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. गरजेपेक्षा जास्त हवा भरायची सवय असेल तर मधला पट्टा आणखी लवकर झिजतो.

आता पुढचा टायर. त्यावरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर ठोकळे एका बाजूनेच झिजले आहेत. घुमण्याचा आवाज इथूनच येतो आणि हँडलची थरथरही बरेचदा इथूनच सुरू होते. ब्रेक लावला की प्रत्येक ठोकळा मुडपतो आणि जमीन सोडताना घासत निघतो. ठोकळा जितका उंच आणि एकटा, तितका जास्त मुडपतो. हवा कमी असेल, फोर्कमधलं (पुढच्या शॉकअप्सरमधलं) तेल जुनं झालं असेल किंवा ब्रेक सतत उशिरा आणि जोरात मारला जात असेल, तर हे फार लवकर होतं. म्हणजे टायर बदलला आणि फोर्क तसाच ठेवला, तर नवा टायरही त्याच वाटेने जाणार.

ठोकळ्यांच्या मुळाशी भेगा पडल्या असतील किंवा एखाद-दुसरा ठोकळा तुटून गेला असेल, तर त्या टायरला झेपण्यापेक्षा जास्त वेगाने, जास्त ओझ्याने आणि तापलेल्या डांबरावर चालवलं गेलं आहे. सामान लादून दिवसभर हायवेने जाणाऱ्या बाईकवर हे हमखास दिसतं. बाजूच्या भिंतीवर काप असतील तर दगडांवर हवा कमी पडली, किंवा भिंत वापराच्या मानाने पातळ होती.

बाजूला चार आकडे असलेला एक लंबगोल ठसा असतो, तोही बघून ठेवा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२३ म्हणजे २०२३ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही ओल्या रस्त्यावर टायर निसटत असेल, तर रबर वयाने कडक झालंय का, हे या ठशावरून कळतं. पाच वर्षांनंतर दर वर्षी नीट तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो टायर बाद, असं अनेक उत्पादक सांगतात. नवा टायर घेतानाही हा ठसा दुकानातच वाचायचा.

टक्केवारीचा घोळ

टायरच्या जाहिरातीत ८०-२०, ५०-५० असे आकडे असतात. म्हणजे इतके टक्के डांबर, इतके टक्के कच्चा रस्ता. या आकड्यांमागे कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक उत्पादक आपल्या अंदाजाने ते ठरवतो, त्यामुळे एकाचा ६०-४० दुसऱ्याच्या ५०-५० पेक्षा मातीत सरस निघू शकतो. बाजूच्या भिंतीवरच्या ‘एम प्लस एस’ या खुणेचंही तसंच. नक्षीत चिखल आणि बर्फासाठी मोकळी जागा ठेवली आहे, एवढंच ती सांगते. चिखलात चाचणी घेतल्याशिवाय ही खूण मिळत नाही, असं काही नसतं.

माझ्या मते टक्केवारीपेक्षा दोन प्रश्न जास्त उपयोगी आहेत. टाळता येणार नाही असा तुमचा सगळ्यात वाईट रस्ता कोणता? आणि कुठल्या रस्त्यावर टायर निसटला तर तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल?

बहुतेकांच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर खडी, मुरूम किंवा अधूनमधून चिखल असं येतं, आणि दुसऱ्याचं उत्तर ओलं डांबर असं येतं. ही दोन उत्तरं एकाच टायरला दोन दिशांना ओढतात. ओल्या डांबरावर पकड मिळते ती मऊ रबरातून आणि जमिनीला टेकलेल्या रबराच्या क्षेत्रफळातून. नॉबी टायरचे मोजकेच ठोकळे टेकलेले असतात, म्हणून तो ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतो. चिखलात मात्र ठोकळ्यांमधली मोकळी जागा कामाला येते. फटी अरुंद असतील तर चिखल त्यांत बसतो, बाहेर फेकला जात नाही, आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. खडीवर ठोकळ्यांच्या उंचीपेक्षा कडा आणि हवेचा दाब महत्त्वाचे. वाळूत कमी हवा आणि कडेचे ठोकळे ठसठशीत असलेला पुढचा टायर लागतो.

म्हणून कच्चा रस्ता म्हणजे कोरडी खडी आणि पक्की माती एवढंच असेल, तर मध्यम खोलीची, दाट ठोकळ्यांची नक्षी पुरते, आणि तीच घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन. लोक गरजेपेक्षा जास्त आक्रमक टायर घेतात, आणि त्या न लागणाऱ्या ठोकळ्यांची किंमत ओल्या वळणांवर मोजतात. चिखल आणि वाळू नेहमीची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खरा नॉबी घ्या आणि डांबरावर वेग कमी ठेवायची तयारी ठेवा.

ओळखीची नावं घेऊन सांगायचं तर मेट्झेलर टूरान्स हा रस्त्याकडे झुकलेला टायर. पिरेली स्कॉर्पिअन रॅली एसटीआर मधला, रुंद ठोकळ्यांचा. कॉन्टिनेन्टल टीकेसी ८० उघड्या, सुट्या ठोकळ्यांचा. हायडेनाऊ के६० स्काउटच्या मागच्या चाकाच्या काही मापांत मध्ये सलग पट्टा असतो, म्हणून लांबच्या प्रवासात तो टिकतो. आपला टायर यांतल्या कुठल्या जातीचा, एवढं ठरलं की नावाला फारसं महत्त्व उरत नाही.

पुढचा आणि मागचा: दोन वेगळे निर्णय

मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय मागचा टायर इंजिनाच्या ओढीने भराभर झिजतो आणि पुढचा जास्त टिकतो. म्हणून कच्च्या रस्त्याला प्राधान्य देणारे पुष्कळ चालक पुढे जास्त ठोकळ्यांचा आणि मागे जरा सौम्य, टिकाऊ टायर लावतात. मातीत ही जोडी खरोखर चांगली चालते, दिशा सुटत नाही.

पण ओल्या डांबरावर ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकावरच येतो. ज्यांचा निम्म्याहून जास्त प्रवास पावसातल्या डांबरावर होतो, त्यांनी ही जोडी लावू नये. त्यांच्यासाठी दोन्हीकडे एकाच मालिकेचे टायर हेच बरं. आणि रेडिअल-बायस अशी, म्हणजे आतल्या बांधणीच्या दोन प्रकारांची, सरमिसळ आपल्या मनाने करू नका. बाईकच्या उत्पादकाने मान्य केलेली जोडी असेल तरच.

भिंतीवरचे आकडे

१३०/८०-१७ ६५एस असं लिहिलं असेल तर रुंदी १३० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १७ इंची. मधे आडवी रेघ असेल तर बांधणी बायस, आर असेल तर रेडिअल. पुढचा ६५ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे २९० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. टी १९०, एच २१०, आणि खाली क्यू १६०, पी १५०. पुढच्या २१ इंची चाकावर नेहमी दिसणारा ५४ म्हणजे २१२ किलो.

भाराचा आकडा टायरच्या ठरलेल्या पूर्ण दाबालाच लागू असतो, हे इथे नीट लक्षात घ्या. हवा कमी केली की टायरची वजन पेलण्याची ताकदही कमी होते. मागे माणूस, दोन्ही बाजूंना पेट्या, वर बॅग आणि हवा मात्र मातीसाठी कमी केलेली, अशा अवस्थेत हायवेला लागणं हे तुटलेल्या ठोकळ्यांचं आणि फुटलेल्या टायरचं नेहमीचं कारण आहे. बाईकच्या पुस्तकात दिलेल्या निर्देशांकापेक्षा खालचा टायर घेऊ नका.

एक माप रुंद घ्यायचा मोह पुष्कळांना होतो. १३०/८०-१७ ऐवजी १४०/८०-१७ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ६४० वरून ६५६ मिलिमीटरवर जातो, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढतो. गिअरिंग तेवढं लांब होतं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते आणि ओढ कमी पडते, मागच्या चाकावरून वेग मोजणारं मीटर कमी वेग दाखवतं, आणि साखळी किंवा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) घासण्याची शक्यता वाढते. त्यात रिम तेवढीच राहिली तर टायर चिमटला जाऊन जास्त गोल होतो, जमिनीला टेकणारा भाग वाढण्याऐवजी अरुंद होतो. आहे ते माप ठेवा. पुढे उंच ठोकळ्यांचा टायर बसवणार असाल, तर मडगार्डखाली दगड-चिखल अडकणार नाही एवढी जागा उरते का, तेही आधीच मोजा.

हवा

तक्रार परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हेच. टायर बरोबर निवडला आणि हवा चुकली, तर निवड वाया जाते.

सुरुवात पुस्तकातल्या आकड्यापासून करायची, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने. गेज दर वेळी तोच वापरा. दोन गेज दोन आकडे दाखवतात, पण एकच गेज निदान फरक तरी खरा सांगतो. तासभर डांबरावर चालवल्यानंतर दाब साधारण दहा टक्के वाढलेला दिसला तर ठीक. त्याहून बराच जास्त वाढला तर थंड असतानाची हवा कमी होती, म्हणून टायर जास्त मुडपून तापला. वाढ नगण्य असेल तर हवा जास्त होती. हा हिशेब कुठल्याही टायरला, कुठल्याही ओझ्याला लावता येतो. नवा टायर बसवल्यावर पहिल्या लांब फेरीत तो जरूर करा आणि आकडा लिहून ठेवा.

हवामानाचाही परिणाम होतो. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. उंचावर उलटं घडतं. समुद्रसपाटीला भरलेला टायर ४,००० मीटरवर नेला, तर तापमान तेच असताना गेजवर सुमारे ६ पीएसआय जास्त दिसतात, कारण बाहेरची हवा विरळ झालेली असते. तिथल्या थंडीने यातली काही वाढ कमी होते. म्हणून अशा प्रवासात रोज सकाळी मोजायचं, जुन्या आकड्यावर विसंबायचं नाही.

कच्च्या रस्त्यावर किती कमी करायची? हलक्या मातीच्या आणि खडीच्या रस्त्यासाठी २२ ते २५ पीएसआय ही सुरुवात बहुतेक मध्यम वजनाच्या बाईकना मानवते. टोकदार दगड असतील तर त्याहून खाली जाऊ नका, नाहीतर रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. वाळूत आणखी उतरावं लागतं. पण ट्यूबचा टायर असेल आणि रिमलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारा तुकडा) नसेल, तर १८ पीएसआयच्या खाली टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटण्याचा धोका वाढत जातो. आणि परत डांबर लागलं की थांबून हवा भरायची. छोटा पंप सोबत नसेल तर हवा कमी करूच नका. कमी हवेवर घरी परतण्याच्या त्या एका टप्प्यात पुढच्या टायरची जी झीज होते, ती नंतर भरून निघत नाही.

हँडल थरथरतं, त्याचा माग

आधी थरथर आणि डोलणं वेगळं करा. वेग कमी होताना, ताशी ७० ते ५० च्या दरम्यान, हँडल हातात भराभर हलत असेल तर पुढच्या बाजूला शोधा. मोठ्या वेगात सगळी गाडी सावकाश डावी-उजवी डोलत असेल तर मागच्या बाजूला शोधा. मागची हवा, मागच्या सामानाचं वजन आणि ते अ‍ॅक्सलच्या किती मागे गेलंय, स्विंगआर्मचं बेअरिंग. अगदी नव्या उंच ठोकळ्यांच्या टायरवर पहिले काही शे किलोमीटर थोडं मऊ, वळवळल्यासारखं वाटतं. ते टायरचं अंग आहे, झिजून कमी होतं.

पुढच्या थरथरीसाठी पुढचं चाक उचलून ठेवा आणि हाताने फिरवा. टायरच्या भिंतीवर रिमजवळ एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत बुडाली असेल तर टायर नीट बसलेलाच नाही. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा आणि भिंतीवर दिलेली कमाल मर्यादा न ओलांडता पुन्हा बसवा. रेघ बरोबर असूनही चाक डुलत असेल तर रिम वाकडी किंवा स्पोक सैल. मग हँडल मध्यापासून दोन्हीकडे सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर स्टिअरिंगचं बेअरिंग गेलं. फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवला आणि टकटक जाणवली तर ते सैल आहे. हे सगळं ठीक निघालं तरच बॅलन्सिंग आणि शेवटी टायरची असमान झीज धरा.

झीज असमान असेल आणि ठोकळे अजून शिल्लक असतील, तर काही टायर उलट्या दिशेने बसवता येतात. आधी बाण बघा. दोन्ही दिशा मान्य असतील तरच उलटवा. पुढच्या चाकासाठी आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असतात, कारण पुढचा टायर मुख्यतः ब्रेकचा ताण घेतो आणि मागचा इंजिनाचा. उलटवल्यावर झीज सारखी होत जाते, पण फोर्क आणि हवा सुधारली नाही तर करवत दुसऱ्या बाजूने तयार होते.

त्याच चाकाचं पंक्चर पुन्हा पुन्हा

ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती, ते लक्षात ठेवा. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर काटा शोधण्यात अर्थ नाही. रिमची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलंय. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर टायरच्या आतून कापड फिरवा. अडकलेली तार बोटाला सापडत नाही, कापड मात्र तिला अडतं. दोन शेजारची भोकं म्हणजे हवा कमी होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर टायर रिमवर सरकतोय. बाहेरून व्हॉल्व्ह तिरका दिसणं ही त्याची आधीची खूण. व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळलेला असला की हा तिरकेपणा दिसत नाही आणि ट्यूब सरळ फाटते. तो नट वर, टोपीजवळ नेऊन ठेवावा. मग व्हॉल्व्ह तिरका होताच नजरेला पडतो आणि हवा काढून टायर जागेवर आणायला वेळ मिळतो.

नव्या टायरसोबत ट्यूबही नवी घाला. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून बसते आणि त्या घडीवरच फाटते. जाड ट्यूब दगडांत टिकते, पण डांबरावर जास्त तापते आणि चाकही जड करते, म्हणून ती सरसकट घालण्यात फायदा नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणायचा. तिथे टायर हलका असतो.

बसवून झाल्यावर पहिले १०० ते १५० किलोमीटर झुकणं आणि ब्रेक बेताने ठेवा. रबराच्या वरचा गुळगुळीत थर तेवढ्यात निघून जातो. त्यानंतर एकदा स्पोक, अ‍ॅक्सलचा नट आणि भिंतीवरची ती गोल रेघ पुन्हा तपासा, आणि थंड टायरची हवा मोजून आधी लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा.